घराची मांडणी बदलते तेव्हा वयात येणारी मुलं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी गेली १८ वर्षं मी शाळांमधून समुपदेशनाचं काम करते. पालकसभा संपून सगळे पांगले की एखादी आई किंवा एखादे आजोबा मागे रेंगाळतात आणि चपला घालता घालता म्हणतात, "बाई, एक विचारायचं होतं." खालचे बहुतेक प्रश्न असे चपला घालतानाचे आहेत. काही पुण्या-ठाण्याहून फोनवर आले, एकदोन परदेशातून. शेवटचे दोन मुलांनीच विचारलेले. कुणाची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे इकडचे तिकडे केले आहेत.

घर बदललं असं नेमकं कधी म्हणायचं?

लोकांच्या डोळ्यांपुढे आधी घटस्फोट येतो. माझ्याकडे येणाऱ्या मुलांमध्ये त्याचं प्रमाण कमीच असतं. वडिलांची बदली, भावाभावांच्या वाटण्या, शिकण्यासाठी आजोळी ठेवणं, आईवडिलांचं ऊसतोडीला जाणं, अंथरुणाला खिळलेली आजी घरी आणणं, आईचं दुसरं लग्न, इमारत पुनर्विकासाला गेली म्हणून भाड्याच्या घरात काढलेली वर्षं, हे सगळं मी त्यात धरते.

इरावती कर्वे यांनी १९५३ साली एकत्र कुटुंबाची जी व्याख्या केली, तिच्यात एका छपराखाली राहणं आणि एका चुलीवरचं खाणं या गोष्टी आधी येतात. सामाईक मालमत्ता आणि देवधर्म त्यानंतर. मुलांच्या बाबतीत मला हा क्रम फार कामाचा वाटतो. मालमत्तेच्या सातबारावर काय बदललं याच्याशी तेरा वर्षांच्या मुलाला देणंघेणं नसतं. त्याला मी तीन गोष्टी विचारते. सकाळी डबा कोण भरतं? घराची किल्ली कुणाकडे असते? रात्री ताप चढला तर कुणाला उठवतोस? यातलं एखादं उत्तर गेल्या वर्षभरात बदललं असेल तर घर बदललं, मग रेशनकार्डावरची नावं तीच का असेनात.

पण याच वयात एवढा फरक का पडतो? लहान मुलं तर पटकन रुळतात.

लहान मुलंही वाटतात तितकी पटकन रुळत नाहीत, पण तो विषय वेगळा.

जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ हे वय किशोरवय धरते. या काळात शरीर बदलतं, झोपेची वेळ पुढे सरकते, आणि मेंदूचा पुढचा भाग, जो आवेग आवरतो आणि पुढचामागचा विचार करतो, तो विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत राहतो. मूल आतून बदलत असतं. अशा वेळी त्याला आईवडिलांपासून लांब जायचं असतं. दार लावून बसायचं असतं, मित्राकडे राहायला जायचं असतं, "तुम्हाला काही कळत नाही" म्हणायचं असतं. पण हे करण्यासाठी मागे घर जागच्या जागी उभं असावं लागतं. मुलाने घरापासून लांब जायचं आणि घराने हलायचं नाही, असा हा अलिखित करार असतो. घरच हललं की मुलाची पंचाईत होते. काही जण अर्ध्या वाटेतून परत फिरतात आणि आईला चिकटतात. काही जण एकदम फार लांब निघून जातात. नववीतला एक मुलगा दोन्ही करत होता. दिवसभर घरी पाय नाही, आणि रात्री आईच्या खोलीच्या उंबऱ्याशी चादर अंथरून झोपायचा.

घटस्फोट झालेल्या घरातली मुलं वाया जातात, हे खरं का?

नाही. पण "काही होत नाही" हेही खरं नाही.

यावर अमेरिकेत बरंच काम झालं आहे. अमाटो आणि कीथ या संशोधकांनी १९९१ साली ९२ अभ्यास एकत्र करून पाहिले, त्यांत मिळून १३,००० हून जास्त मुलं होती. घटस्फोट झालेल्या आणि न झालेल्या घरांतल्या मुलांमध्ये फरक दिसला, पण सरासरीने तो लहान निघाला. मेव्हिस हेदरिंग्टन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सुमारे ३० वर्षं, १,४०० च्या आसपास कुटुंबांचा माग ठेवला. घटस्फोट झालेल्या घरांतल्या साधारण २५ टक्के मुलांना पुढे गंभीर अडचणी आल्या. इतर घरांत हे प्रमाण १० टक्के होतं. हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचावा लागतो. धोका दुपटीहून जास्त, हे खरं. आणि चारातली तीन मुलं मार्गी लागली, हेही खरं.

तो अमेरिकेचा हिशेब. आपल्याकडे दोन गोष्टी वेगळ्या असतात. एक, वेगळं झालेली बाई बहुधा माहेरी जाते, म्हणजे मुलाला एकदम आजी, आजोबा, मामा, मामी असं भरलं घर मिळतं. हे वरदानही असतं आणि जाचही. दुसरी म्हणजे बोलणी. घरातल्या घडामोडीपेक्षा गल्लीतल्या "बिचारं पोर" या दोन शब्दांनी मुलं जास्त घायाळ होतात, असं मला वर्षानुवर्षं दिसत आलं आहे. लग्नाच्या पंगतीत एक मावशी जास्तीची जिलबी वाढते आणि डोक्यावरून हात फिरवते. चौदा वर्षांच्या पोराला ती जिलबी गिळवत नाही.

मग मुलांसाठी म्हणून आम्ही एकत्र राहावं का?

कसं एकत्र राहणार, ते आधी सांगा. मुलाला पोखरतं ते भांडण, विशेषतः त्याच्यावरून चाललेलं आणि कधीच न मिटणारं. रोजची आदळआपट असलेलं अखंड घर शांत दुभंगलेल्या घरापेक्षा वाईट असू शकतं. मात्र ज्या घरात फारसं भांडण नव्हतं, मुलाला काही सुगावाच नव्हता, तिथे अचानक वेगळं होणं त्याला फार जड जातं. त्याच्या दृष्टीने छान चाललेलं असतं आणि एका रविवारी जमीन सरकते.

आणि वेगळं झाल्यावर भांडण थांबलं नाही, तर वेगळं होऊन मुलाचं काहीच साधलं नाही. "तुझ्या बापाला विचार फी कधी भरणार" हे वाक्य मुलाच्या हाती देऊन पाठवणं बंद करा. फीचं तुम्ही दोघांनी थेट बोला. बोलवत नसेल तर लिहून कळवा.

मुलाला कधी सांगायचं? आणि किती?

बहुतेक घरी हा प्रश्न येतो तेव्हा मुलाला कळून चुकलेलं असतं. आठवीतल्या एका मुलीने मला सांगितलं, "आईचं शिलाई मशीन मामा टेम्पोत घालून घेऊन गेला, तेव्हा मला कळलं की आम्ही पण जाणार." कोणी काही बोललं नव्हतं. त्या दिवशी तिला अर्धवट शिवलेला तिचा पोलका मशीनवरच राहिल्याची काळजी लागली होती. दुसरं काही तिने विचारलं नाही. मोठ्यांना वाटलं, पोरीला काही समजलंच नाही.

निर्णय पक्का झाला की सांगा, तळ्यात-मळ्यात असताना नको. जमलं तर दोघांनी मिळून सांगा. कारणांचा पाढा वाचू नका. मुलाला आधी व्यवहाराचं ऐकायचं असतं. तू कुठे राहणार, शाळा तीच का, क्रिकेटचं काय, कुत्रं कोण सांभाळणार, बाबा कोणत्या वारी भेटणार. "तुझ्यामुळे झालेलं नाही" हे वाक्य एकदा सांगून भागत नाही. दर दोनतीन महिन्यांनी वेगळ्या निमित्ताने पुन्हा सांगावं लागतं, कारण मुलं हिशेब मांडत असतात. मी नापास झालो त्याच आठवड्यात भांडण झालं, म्हणजे माझ्यामुळेच.

किती सांगायचं याला माझी एक कसोटी आहे. जे ऐकून मुलाला तुमची काळजी घ्यावीशी वाटेल, ते त्याला सांगू नका. बहिणीला सांगा, मैत्रिणीला सांगा, माझ्याकडे या.

कोर्टात मुलाला विचारतात का, कुणाकडे राहायचं ते?

विचारू शकतात. १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्यात तशी तरतूद आहे. मूल समजूतदार वयाचं असेल तर न्यायालय त्याची पसंती विचारात घेऊ शकतं. पण शेवटचा शब्द मुलाचा नसतो. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्यानुसार मुलाचं हित सर्वांत वरचं. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे, हेही त्याच कायद्यात आहे. किशोरवयीन मुलाला तो नियम लागत नाही. महाराष्ट्रातल्या कौटुंबिक न्यायालयांत विवाह समुपदेशक असतात, त्यांच्याशी बोलायला वेगळी फी पडत नाही.

घरी मात्र "तुला कोण हवं, आई की बाबा?" असं विचारू नका. मुलाने एक नाव घेतलं तरी दुसऱ्याचा अपराधी होतो. "शनिवारी क्लास असतो, मग बाबांकडे रविवारी गेलेलं सोयीचं पडेल का?" हा प्रश्न विचारता येतो.

अकरावी-बारावीसाठी मुलीबरोबर मी लातूरला राहायला जाऊ का? घरी नवरा आणि धाकटा मुलगा राहील.

मे-जून महिन्यात हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारतात, आणि याला कुटुंबाचं विभाजन म्हणावं हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. लातूर पॅटर्नचं नाव झाल्यापासून दोन-दोन वर्षं आई खोली घेऊन लातुरात आणि वडील गावाकडे, अशी घरं आपल्याकडे कितीतरी आहेत. नांदेडला, छत्रपती संभाजीनगरलाही तेच. एका घराच्या दोन चुली होतात आणि त्याला सगळे "अभ्यासासाठी" म्हणतात, म्हणून त्याचा त्रास बोलून दाखवायला कुणाला तोंड राहत नाही.

एका मुलीने वर्णन केलेली खोली माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. दहा बाय बाराची. एका कोपऱ्यात गॅस, दुसऱ्यात टेबल. मुलगी अभ्यासाला बसली की आई मोबाइलचा आवाज बंद करते, कुकर लावत नाही, खोकला आला तर जिन्यात जाऊन खोकते. तिची तिथे कुणाशी ओळख नाही. मुलगी क्लासहून आली की आई दारातच विचारते, "पेपर कसा गेला?" कारण दिवसभरात तिच्याकडे बोलायला दुसरा विषयच नसतो. मुलगी मला म्हणाली, "बाई, माझ्या आईला काहीतरी काम बघा ना." डॉक्टरकीच्या प्रवेशासाठी असलेल्या 'नीट' परीक्षेची भीती तिला होतीच. त्याहून जास्त तिला आईचा रिकामा दिवस भीती घालत होता. एका माणसाने आपल्यासाठी अख्खं आयुष्य बाजूला ठेवलंय, हे सतरा वर्षांच्या मुलीला पेलण्यासारखं ओझं नाही.

तर जायचं का? मुलीची तब्येत नाजूक असेल, वसतिगृहाची सोय धड नसेल, तर जा. गेलात तर तिथे स्वतःचा दिवस उभा करा. शिवण, डबे, भजनी मंडळ, वाचनालय, काहीही. आठवड्यातली एक रात्र अशी ठरवा की त्या रात्री मार्कांचा विषय निघणार नाही. आणि झोप मोजा. १३ ते १८ वयाला रात्री ८ ते १० तास झोप लागते. पहाटे चारचा गजर लावून ती मिळत नाही, विशेषतः त्या वयाचं शरीर रात्री उशिरापर्यंत झोपायलाच तयार नसतं तेव्हा.

आता धाकट्याचं. त्याचा विचार कुणीच करत नाही. सातवीतला मुलगा बापाबरोबर राहतो, दोघं मिळून खिचडी टाकतात, आणि वडिलांचा रोजचा फोन लातूरला जातो तो "ताईला किती पडले" हे विचारायला. या मुलांचे गुण सहसा घसरत नाहीत म्हणून ती नजरेला पडत नाहीत. नजरेला पडतं ते एवढंच की त्यांना घरातलं कुणी काही विचारायचं बंद झालेलं असतं. आईने त्या मुलाला रोज स्वतंत्र फोन करावा. पाच मिनिटं पुरतात, पण त्या पाच मिनिटांत ताईचं नाव निघता कामा नये.

आम्ही कोयत्यावर (ऊसतोडीला) जातो. पोरं आजीकडे ठेवावीत की बरोबर न्यावीत?

हा प्रश्न मला गेवराईकडच्या एका बाईने विचारला तेव्हा मी पुस्तकी उत्तर दिलं होतं. बरोबर नेऊ नका, शाळा बुडते. ती म्हणाली, "आन् माय वारली तर?" तिची आई ७० च्या पुढची होती. तेव्हापासून मी एका वाक्यात उत्तर देत नाही.

दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, परततात मार्च-एप्रिलमध्ये. शाळेचं वर्ष जूनचं. म्हणजे बीडच्या एखाद्या पोराचं निम्म्याहून जास्त शालेय वर्ष आईवडिलांशिवाय तरी जातं किंवा शाळेशिवाय तरी. मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते, नवराबायकोच्या जोडीला मिळून एक कोयता धरलेला असतो, त्यामुळे "आई थांबेल, बाबा जातील" हा पर्याय बहुतेकांपुढे नसतोच. बरोबर नेलेली दहा-बारा वर्षांची मुलगी कोपीवर (फडाजवळच्या झोपडीत) भाकऱ्या थापते आणि धाकटं भावंड सांभाळते. मागे ठेवलेल्या मुलीची वेगळीच काळजी. वयात आलेली पोर म्हाताऱ्यांच्या भरवशावर कशी ठेवायची, या एका भीतीपोटी लग्नं उरकली जातात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या सुमारे ४४ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. राज्याची सरासरी साधारण २२ टक्के. दुप्पट. यात नुसती रूढी नाही. राहायला सुरक्षित जागा नसणं हे त्यामागचं मोठं कारण आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून आधी जागा बघा. जिल्हा परिषदेच्या शाळेत हंगामी वसतिगृह चालतं का, ते दसऱ्याआधी मुख्याध्यापकांना विचारा, दिवाळीनंतर नको. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे, तिची चौकशी समाजकल्याण कार्यालयात होते. आजीकडेच ठेवणार असाल तर आजीखेरीज आणखी एक माणूस नेमून द्या, शेजारची काकू, शाळेतल्या बाई, अंगणवाडीताई. आणि तसं मुलीला, आजीला आणि त्या माणसाला, तिघांनाही सांगून जा. कुणी लग्नाचं बोलू लागलं तर गावपातळीवर ग्रामसेवक (आता त्याला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, हे मुलीलाही माहीत असू द्या.

फोनबद्दल एक. फडात दिवसा फोन लागत नाही, संध्याकाळी सगळे थकलेले असतात. एका बापाने युक्ती काढली होती. पहाटे निघायच्या आधी तो मुलाला आवाजी निरोप पाठवायचा, फार काही नसायचं, "आज थंडी लई हाय, तू स्वेटर घाल" एवढंच. मुलगा तो शाळेत मधल्या सुट्टीत पुन्हा ऐकायचा. मला त्याने तीनदा ऐकवला.

वाटण्या झाल्या, आम्ही वेगळे निघालो. मुलगा चुलतभावाशी बोलत नाही आणि आमच्याशीही.

मोठ्यांच्या वाटणीत मुलांचं काय जातं, याची यादी कुणी करत नाही. चुलतभाऊ हा सख्ख्या भावाइतकाच असतो, शिवाय मित्र असतो. दोघांची एक सायकल असते. अंगणात मध्ये भिंत उठली की ती सायकल कुणाची, हा प्रश्न मुलांना भिंतीपेक्षा मोठा वाटतो. मोठी माणसं एकमेकांशी बोलत नसतील तर मुलाने चुलतभावाशी बोलणं ही फितुरी ठरते, म्हणून तो बोलत नाही.

तुम्हीच तोंडाने सांगा, "आमचं आमच्यापाशी. तू त्याच्याकडे जा." नुसतं मनात असून चालत नाही. आणि तो जाऊन आला की "काय म्हणत होते ते?" असं विचारू नका. एवढं पाळलंत तर बहुतेक पोरं महिनाभरात पुन्हा एकत्र खेळताना दिसतात.

आजोबा आमच्याकडे आले. मुलीची खोली त्यांना दिली. ती चिडचिड करते, उद्धट झाली आहे.

ती आजोबांवर चिडलेली नाही, तिला न विचारता खोली गेली यावर चिडलेली आहे. पंधरा वर्षांच्या मुलीला पाळीच्या दिवसांत, कपडे बदलताना, नुसतं रडायलाही एक जागा लागते. खोली देता येत नसेल तर हॉलचा कोपरा, एक पडदा, कुलपाचं कपाट आणि ठरलेले दोन तास द्या. आजोबांना तिच्याकडून काहीतरी हवं असू द्या, पण सगळं नको. डोळ्यांत औषध घालणं तिच्याकडे, रात्री उठवणं तुमच्याकडे.

अमेरिकेतून पुण्यात परतलो. १३ वर्षांच्या मुलीला एकदम आजी-आजोबांचं घर आणि मराठी शेजार. ती म्हणते, इथे सगळे माझ्या खोलीत न विचारता येतात.

येतातच. आपल्याकडे दार लोटलेलं म्हणजे उघडं. तिला उद्धट ठरवू नका आणि आजीला अडाणीही. आजीने दारावर टकटक करायची आणि मुलीने संध्याकाळचा चहा आजीबरोबर घ्यायचा, असा सौदा एका घरी झाला, तो टिकला. मैत्रिणी मात्र सोसायटीत आपोआप मिळतील असं धरू नका. खेळाचा किंवा नाचाचा वर्ग लावा.

मी दुसरं लग्न करते आहे. मुलाने त्यांना "बाबा" म्हणावं का?

मुलगा किती वर्षांचा? बारा-तेराचा असेल तर हा विषयच काढू नका. वयात येण्याच्या सुरुवातीला सावत्र आईबाप स्वीकारणं सर्वांत अवघड जातं, असं हेदरिंग्टन यांच्या कामातही दिसलं आहे. लग्नानंतर पहिले काही महिने गोडीचे, मग खरी कुरबुर, मग हळूहळू बसणारी घडी. या सगळ्याला वर्षं लागतात, महिने नाहीत.

"काका" हा शब्द मराठीत फार सोयीचा आहे. मान आहे, जवळीक आहे, कुणाची जागा घेतल्याचा आव नाही. नव्या माणसाने पहिली एकदोन वर्षं शिस्त लावायच्या भानगडीत पडू नये. रागावणं आईकडे असू द्यावं. त्याने सायकलचं पंक्चर काढावं, मॅच बघावी. एका घरी मुलाने चार वर्षं काका म्हटलं आणि बारावीच्या निकालादिवशी फोनवर तोंडातून "बाबा" निघालं. त्या गृहस्थांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि पेढे किती आणू, विचारलं. शहाणा माणूस.

आई आजारी पडल्यापासून मोठी मुलगीच घर सांभाळते. सगळे तिचं कौतुक करतात. काही चुकतंय का?

ग्लेन एल्डर या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या १९३० च्या दशकातल्या मंदीत वाढलेल्या मुलांवर काम केलं, ते १९७४ साली प्रसिद्ध झालं. मंदीच्या वेळी किशोरवयात असलेली कॅलिफोर्नियातल्या ओकलंडची मुलं, जी घराला हातभार लावत होती, ती पुढे बऱ्यापैकी कणखर निघाली. त्यांच्याहून लहान असलेल्या मुलांना जास्त झळ लागली. म्हणजे जबाबदारीने मुलं मोडतातच असं नाही. घराला आपला उपयोग आहे, हे कळलं की बळही येतं.

पण काम आणि काळजी यांत फरक करा. भाजी चिरणं, भावाला शाळेत सोडणं, हे काम. ते संपतं. आईला रात्री बरं वाटेल ना, बाबा पिऊन येतील का, कर्जवाला आला तर काय सांगू, ही काळजी. ती संपत नाही. पहिलं मुलीला द्यायला हरकत नाही. दुसरं मोठ्यांनी आपल्याकडे ठेवायचं. तिची शाळा महिन्यातून चारहून जास्त दिवस बुडत असेल, मैत्रिणी तुटल्या असतील, किंवा भावंडं तिला आई म्हणून घाबरू लागली असतील, तर कौतुक थांबवा आणि एखाद्या आत्याला-मावशीला बोलवा.

घर बदललं, आता जुनी शाळा टीसी (शाळा सोडल्याचा दाखला) देत नाही.

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम ५ प्रमाणे मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. हे ६ ते १४ वयाच्या, पहिली ते आठवीच्या मुलांसाठी. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि मग गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. शक्य असेल तर शाळा बदलूच नका. घर बदललेल्या मुलाची शाळा तरी तीच राहिली की निम्मं काम झालं.

एकल पालकाला सरकारी मदत मिळते का?

क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत पात्र मुलाला महिना २,२५० रुपये मिळतात, वयाच्या १८ वर्षांपर्यंत. महिला व बालविकास खात्याकडे अर्ज, बालकल्याण समितीचा आदेश. कागदांना वेळ लागतो, आजच सुरुवात करा. एकट्या पालकाच्या घरी मुलांचे जे हाल होतात, त्यांतला मोठा भाग पैशाच्या ओढाताणीचा असतो. आम्ही समुपदेशक हे कमी बोलतो. क्लास सुटतो, खोली लहान होते, आई दोन ठिकाणी कामाला जाते, आणि मग सगळे म्हणतात बाप नाही म्हणून पोरगं बिघडलं.

थोडे दिवस वाट पाहू की लगेच कुणाला दाखवू?

एका सत्रात गुण घसरले, चिडचिड वाढली, मोबाइल वाढला, तर तीनचार महिने धीर धरा. एकामागून एक बदल होत असतील तर धीर कमी धरा. एकदा घर बदललेलं मूल सावरतं, वर्षात तिसऱ्यांदा बदललेलं सावरायलाच बघत नाही. खाणं-झोपणं दोन आठवड्यांहून जास्त बिघडलं, आवडता खेळ सुटला, अंगावर कापल्याच्या खुणा दिसल्या, किंवा "मी नसतो तर बरं झालं असतं" असं काही तो बोलला, तर एक दिवसही थांबू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या नंबरवर मराठीत बोलता येतं. मूल संकटात असेल तर १०९८ ही मुलांची मदतवाहिनी. ते स्वतःही फोन करू शकतं, हे त्याला सांगून ठेवा.

(नववीतली मुलगी) फॉर्मवर वडिलांच्या रकान्यात काय लिहू?

बाबांचं नाव लिही. ते वेगळे राहतात म्हणून नाव पुसलं जात नाही. संपर्काच्या रकान्यात जो फोन उचलतो त्याचा नंबर. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या नावात महाराष्ट्रात आईचं नावही लावलं जातं. तू जरा आधी जन्मलीस.

(सातवीतला मुलगा) मित्र विचारतात, तुझे बाबा कुठे असतात. मी काय सांगू?

खोटं सांगू नकोस, लक्षात ठेवावं लागतं. सगळं सांगायचीही गरज नाही. एक वाक्य आधीच ठरवून ठेव आणि आरशासमोर म्हणून बघ. मी सांगितल्यावर त्याने घरून तयार करून आणलं, ते माझ्यापेक्षा चांगलं होतं: "बाबा नाशिकला असतात, मी आईकडे असतो. बॅटिंग कुणाची आहे?"